डाग त्वचेवर, दुखणे आतड्यात

पन्नाशीकडे झुकलेल्या माणसाला जिना चढताना दम लागू लागतो. रक्त तपासले तर हिमोग्लोबिन सात. लोहाच्या गोळ्या सुरू होतात, आकडा वर चढतो. गोळ्या बंद केल्या की पुन्हा उतरतो. मूळव्याध असेल, असे कोणीतरी सुचवते. मग तोंडावाटे दुर्बीण घालून जठर पाहिले जाते, गुदमार्गाने मोठे आतडे पाहिले जाते आणि दोन्ही अहवाल निर्दोष येतात. या साऱ्या काळात त्या माणसाच्या पाठीवर, दंडांवर, पोटावर मऊ गाठी असतात. लहानपणापासून अंगावर दुधाळ कॉफीच्या रंगाचे डाग असतात. तपासणीसाठी सदरा वर केला की ते समोर दिसतात. पण ‘चरबीच्या गाठी आहेत, फार जुन्या आहेत’ एवढ्यावर विषय संपतो. रक्त कुठे जाते आहे याचा माग त्या गाठींवरूनच लागणार असतो, आणि तो लागायला कधी कधी काही वर्षे जातात.

वैद्यकीय नियतकालिकांत अशा रुग्णांच्या हकिकती वारंवार छापून येतात. तपशील बदलतात, सांगाडा तोच राहतो: त्वचेचा आजार त्वचारोगतज्ज्ञाकडे, पोटाचा आजार पोटाच्या डॉक्टरांकडे आणि दोघांची गाठ घालून द्यायला मध्ये कोणी नाही. हे प्रकरण त्या गाठभेटीसाठी लिहिले आहे.

आजाराचे नाव न्यूरोफायब्रोमॅटोसिस टाइप १. डॉक्टरांच्या बोलण्यात एनएफ-१. साधारण अडीच ते तीन हजार जन्मांमागे एका बाळाला तो असतो. हा हिशेब धरला तर भारतात साडेचार लाखांहून अधिक आणि एकट्या महाराष्ट्रात चाळीस हजारांच्या आसपास माणसे हा आजार घेऊन जगत असली पाहिजेत. त्यांतल्या अनेकांना आपल्या आजाराचे नावही ठाऊक नसते. १८८२ मध्ये स्ट्रासबर्गच्या फ्रीडरिश फॉन रेक्लिंगहाउझेन या विकृतिशास्त्रज्ञाने या गाठी मज्जातंतू आणि त्यांच्या आवरणांतून उगवतात हे दाखवले, म्हणून पुढे बराच काळ हा आजार त्यांच्या नावाने ओळखला गेला. जनुक सापडायला मात्र १९९० साल उजाडले. मिशिगनमध्ये फ्रान्सिस कॉलिन्स आणि युटामध्ये रे व्हाइट यांच्या गटांनी ते एकाच वर्षी शोधून काढले. ते सतराव्या गुणसूत्रावर आहे.

हे जनुक न्यूरोफायब्रोमिन नावाचे प्रथिन बनवते. पेशीला ‘वाढ, विभाजित हो’ असा हुकूम देणाऱ्यांपैकी रॅस हे एक मोठे प्रथिन. काम झाले की रॅसला शांत करायचे, ही न्यूरोफायब्रोमिनची जबाबदारी. प्रत्येक पेशीत या जनुकाच्या दोन प्रती असतात आणि एनएफ-१ असलेल्या माणसात त्यांतली एक जन्मतःच बिघडलेली असते. दुसरी शाबूत आहे तोवर पेशीचे बऱ्यापैकी निभते. आयुष्यात कधीतरी एखाद्या पेशीतली दुसरी प्रतही बिघडली, की रॅसला आवरणारे तिथे कोणी उरत नाही आणि त्या जागी गाठ धरते. त्वचेतल्या मज्जातंतूवर हे घडले तर गाठ हाताला लागते, आरशात दिसते. पण मज्जातंतू काही फक्त त्वचेत नसतात.

अन्ननलिकेपासून गुदद्वारापर्यंत पचनमार्गाच्या भिंतीत चेतापेशींचे एक दाट जाळे पसरलेले आहे. त्यात दहा कोटींहून अधिक चेतापेशी आहेत आणि मेंदूकडून दर वेळी आज्ञा येण्याची वाट न पाहता ते आपले काम करू शकते. घास पुढे कधी ढकलायचा, कुठे थांबवायचा, रस किती सोडायचा, हे बरेचसे तिथल्या तिथे ठरते. या जाळ्याच्या सोबतीला आणखी एका जातीच्या पेशी असतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस स्पेनच्या सान्तियागो रामोन इ काहाल यांनी त्या पाहिल्या आणि त्या साध्या प्रकारच्या चेतापेशीच असाव्यात, असे त्यांना वाटले. काहाल यांना १९०६ चे नोबेल मिळाले ते मज्जासंस्थेच्या रचनेवरील कामासाठी. आतड्यातल्या या पेशींचे खरे काम कळायला विसाव्या शतकाचा उत्तरार्ध यावा लागला. काहाल पेशी या आतड्याच्या ताल धरणाऱ्या पेशी आहेत. त्यांच्यात ठराविक लयीने विजेच्या मंद लहरी उठतात: जठरात मिनिटाला सुमारे तीन, लहान आतड्याच्या सुरुवातीला बारापर्यंत, शेवटाकडे आठ-नऊ. त्या लयीवर आतड्याचे स्नायू आकुंचन पावतात. आपण जेवून उठतो आणि विसरून जातो. ह्या पेशी मात्र झोपेतही थांबत नाहीत.

एनएफ-१ मध्ये पोटाचे जे गंभीर दुखणे सर्वांत जास्त आढळते, ते या काहाल पेशींच्या कुळातून उगवते.

त्या गाठीला जीआयएसटी म्हणतात; डॉक्टर बोलताना तिला ‘जिस्ट’ म्हणतात. ही गाठ कोणालाही होऊ शकते. पण एरवी ती बहुतेक वेळा जठरात होते, सहसा एकच असते आणि तिच्या मुळाशी केआयटी किंवा पीडीजीएफआरए या दोन जनुकांपैकी एकाचा बिघाड असतो. एनएफ-१ मध्ये तिन्ही गोष्टी बदलतात. गाठी बहुतांशी लहान आतड्यात होतात, अनेकदा एकाहून जास्त असतात आणि केआयटी व पीडीजीएफआरए ही दोन्ही जनुके बहुधा निरोगी निघतात. बिघाड असतो तो एनएफ-१ च्याच जनुकाच्या दुसऱ्या प्रतीचा. एनएफ-१ असलेल्या शंभर माणसांपैकी साधारण पाच ते सात जणांना अशा गाठींचा त्रास आयुष्यात जाणवतो. ज्यांना गाठी असूनही काहीच जाणवत नाही, असे याहून बरेच जास्त. दुसऱ्याच कारणासाठी पोटाचे ऑपरेशन झाले आणि आतड्यावर मण्यांएवढ्या गाठी दिसल्या, असेही घडते.

त्रास सुरू झाला तर तो बहुधा रक्तस्रावाच्या रूपाने येतो. गाठीवरचे आतड्याचे अस्तर झिजते आणि रक्त हळूहळू आत झिरपते. वरच्या आतड्यातले रक्त खाली येईपर्यंत पचून काळे पडते, त्यामुळे शौचाला डांबरासारखे काळे, चिकट आणि एरवीपेक्षा वेगळ्या वासाचे होते. इथे एक घोटाळा घराघरांत होतो. हिमोग्लोबिन कमी म्हणून लोहाच्या गोळ्या दिलेल्या असतात, आणि लोहानेही शौच काळे होते. ‘गोळ्यांमुळे आहे’ या समजुतीखाली खरा रक्तस्राव झाकला जातो. लोहाने आलेला काळेपणा हिरवट छटेचा असतो, शौच घट्ट असते. रक्ताचा काळेपणा चकाकणारा आणि भांड्याला चिकटणारा असतो. डोळ्यांनी नीट ठरत नसेल तर डॉक्टरांना सांगून शौचाची रक्तासाठी तपासणी करून घ्यावी, आणि गोळ्या सुरू होण्याआधीपासूनच शौच काळे होत होते का, हे आठवून सांगावे. या एका उत्तराने तपासाची दिशा बदलू शकते. चक्कर येते आहे, धडधड होते आहे आणि शौच काळे आहे, असे एकत्र असेल तर मात्र तपासणीची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

मग दुर्बिणीत काही का दिसत नाही? तोंडातून घातलेली नेहमीची दुर्बीण लहान आतड्याच्या पहिल्या भागापर्यंत जाते. खालून घातलेली दुर्बीण मोठे आतडे ओलांडून लहान आतड्याच्या अगदी शेवटच्या टोकाला पोचते. या दोन टोकांच्या मध्ये काही मीटर लांबीचे वेटोळे राहते, आणि एनएफ-१ मधल्या गाठींचे आवडते ठिकाण नेमके तेच. म्हणजे ‘दोन्ही स्कोपी नॉर्मल’ या वाक्याचा अर्थ ‘आतडे नॉर्मल’ असा होत नाही. मधला भाग पाहायला गिळायची कॅमेऱ्याची कॅप्सूल आहे, फुग्याच्या साहाय्याने खोलवर जाणारी लांब दुर्बीण आहे आणि आतड्यासाठी खास पद्धतीने काढलेला सीटी स्कॅन किंवा एमआरआय आहे. यांतले काय आधी करायचे ते डॉक्टर ठरवतील. पण ह्या गाठी पुष्कळदा आतड्याच्या पोकळीत न डोकावता बाहेरच्या बाजूला वाढतात आणि आत फिरणाऱ्या कॅमेऱ्याला चुकवू शकतात, म्हणून स्कॅनला इथे मोठे मोल आहे. आतडे अरुंद होऊन अडथळा आला तर पोटात मुरडा, फुगी, उलटी ही लक्षणे दिसतात. क्वचित गाठीच्या जागी आतडे फुटते.

स्कॅनमध्ये पाच-सहा गाठी एकदम दिसल्या की घरच्यांच्या पायांखालची जमीन सरकते. गाठ एका जागी आणि तिची पिल्ले इतरत्र, म्हणजे पसरलेला कॅन्सर, हा नेहमीचा अर्थ. एनएफ-१ मध्ये हा अर्थ लावण्याआधी थांबायला हवे. या गाठी बहुधा एकमेकींपासून निघालेल्या नसतात. प्रत्येक गाठीत जनुकाची दुसरी प्रत वेगळ्या तऱ्हेने बिघडलेली असते. म्हणजे प्रत्येकीचा जन्म स्वतंत्र. संथ वाढणाऱ्या, छोट्या गाठींवर काही वेळा नुसते लक्ष ठेवतात. रक्तस्राव करणारी, मोठी किंवा वाढत जाणारी गाठ शस्त्रक्रियेने काढतात. ज्या माणसाला आजार ‘पसरला’ असे सांगितले गेले आहे त्याच्यासाठी हा भेद किती मोठा आहे, हे वेगळे सांगायला नको. पण तो भेद करायचा तर रुग्णाला एनएफ-१ आहे हे स्कॅन वाचणाऱ्याला आणि शस्त्रक्रिया करणाऱ्याला आधी माहीत असले पाहिजे.

औषधाची कथाही इथेच येऊन मिळते. १९९८ मध्ये जपानच्या ओसाका विद्यापीठातील सेइइची हिरोता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जीआयएसटीमधला केआयटीचा बिघाड दाखवून दिला. त्यानंतर अवघ्या काही वर्षांत, २००१ मध्ये, इमॅटिनिब या गोळीने फिनलंडमधील एका रुग्णाच्या गाठी कशा आक्रसल्या, तो वृत्तांत प्रसिद्ध झाला. कॅन्सरच्या उपचारांतला तो मोठा टप्पा होता आणि आजही जीआयएसटी म्हटले की इमॅटिनिब हे नाव पाठोपाठ येते. पण ही गोळी अडवते ती बिघडलेल्या केआयटी आणि पीडीजीएफआरए यांना. एनएफ-१ मधल्या गाठीत ते बिघडलेलेच नसतात, त्यामुळे गोळीचा फारसा उपयोग होत नाही. महागडे औषध, त्याचे दुष्परिणाम आणि हातातून निसटणारा वेळ, एवढेच पदरी पडू शकते. गाठीच्या तुकड्याची जनुकीय तपासणी करून मगच औषध ठरवावे, हा नियम सर्वांनाच लागू आहे. एनएफ-१ च्या रुग्णाने तर ही तपासणी आग्रहाने मागावी.

लहान आतड्याच्या सुरुवातीला, जिथे पित्तनलिका आणि स्वादुपिंडाची नलिका एकत्र उघडतात, त्या तोंडाशी एनएफ-१ मध्ये आणखी एक गाठ होऊ शकते. ती संप्रेरके बनवणाऱ्या पेशींची असते. तिचा सोमॅटोस्टॅटिनोमा हा प्रकार या आजाराशी विशेष जोडलेला आहे. गाठ लहान असली तरी जागा अडचणीची. पित्ताची वाट अडली की डोळे पिवळे होतात, लघवी गर्द, शौच पांढरट आणि अंगाला खाज. कधी स्वादुपिंडाला सूज येते. ही गाठ आणि आतड्यातली जीआयएसटी एकाच माणसात सापडली, तर बाकी काही माहीत नसतानाही एनएफ-१ ची शंका घ्यावी, इतके हे जोडपे बोलके आहे. आपल्याकडे डोळे पिवळे झाले की अजूनही कित्येक घरांतून पहिली धाव कावीळ उतरवणाऱ्याकडे जाते. विषाणूची कावीळ बऱ्याचदा आपोआप उतरते, त्याचे श्रेय माळेला किंवा चुन्याच्या पाण्याला मिळते आणि श्रद्धा पक्की होते. अडलेल्या नलिकेची कावीळ अशी उतरत नाही. अंगावर डाग-गाठी असलेल्या माणसाला कावीळ झाली तर लगेच सोनोग्राफी करायला हवी. इतर कोणालाही ताप नसताना, खाज आणि पांढऱ्या शौचासह कावीळ झाली, तरी हाच सल्ला.

यापुढचे दुखणे पोटातले असूनही पोटाचे नाही. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींत फिओक्रोमोसायटोमा नावाची गाठ होते. एनएफ-१ असलेल्या शंभरांतल्या मोजक्यांनाच ती होते, पण जिथे होते तिथे रक्तात अॅड्रिनॅलिनच्या जातीच्या द्रव्यांचा पूर येतो. रक्तदाब उसळतो, डोके ठणकते, घाम फुटतो, छाती धडधडते. तीच द्रव्ये आतड्याचे स्नायू ढिले पाडतात, म्हणून काही रुग्णांत चिवट बद्धकोष्ठ होते आणि क्वचित आतड्याची हालचाल ठप्प होते. मळमळ, उलटी, पोटदुखी यांनीही ही गाठ समोर येऊ शकते. आणि इथे खरा धोका उपचाराचा आहे. उलटी थांबवायला सर्रास दिले जाणारे मेटोक्लोप्रामाइड हे इंजेक्शन फिओक्रोमोसायटोमाच्या रुग्णात रक्तदाबाचा जीवघेणा भडका उडवू शकते. अशा रुग्णांत ते निषिद्ध आहे. तयारी न करता दिलेली भूल आणि शस्त्रक्रिया हेही तितकेच घातक. म्हणून एनएफ-१ च्या रुग्णाला उच्च रक्तदाब असेल किंवा मोठे ऑपरेशन ठरले असेल, तर आधी रक्तातील वा लघवीतील मेटानेफ्रिन्सची तपासणी करतात. तपासणी एवढीशी, पण ती आधी झाली तर गाठ औषधांनी काबूत आणून ऑपरेशन सुखरूप पार पडते.

ह्या झाल्या दुर्मीळ आणि गंभीर गोष्टी. रोजचा छळ वेगळाच असतो, आणि तो म्हणजे बद्धकोष्ठ. डेन्मार्कमधील संशोधकांनी एनएफ-१ असलेल्या मुलांची याच अंगाने पाहणी केली, तेव्हा दर दहांपैकी सुमारे तिघांना बद्धकोष्ठाचा त्रास असल्याचे दिसले. बहुतेक मुलांत गाठ वगैरे काही नसते. आतड्याची चालच मंद असते. आतड्याच्या चेताजाळ्यात न्यूरोफायब्रोमिन कमी पडल्याचा तो परिणाम असावा, असा तर्क आहे. काही मुलांत कटिरात पसरलेली मज्जातंतूंची गुंतागुंतीची गाठ, जिला प्लेक्सिफॉर्म न्यूरोफायब्रोमा म्हणतात, ती गुदाशयावर आणि मूत्राशयावर दाबत असते. फार क्वचित आतड्याच्या भिंतीतले चेतातंतूच जाडजूड वाढतात आणि मोठे आतडे फुगून निकामी होत जाते. त्यामुळे बद्धकोष्ठाबरोबर लघवीची तक्रार, पायांत अशक्तपणा, वजन न वाढणे किंवा वाढत जाणारी पोटाची फुगी असेल तर नुसत्या रेचकावर थांबू नये.

आपल्या घरांत मुलाच्या बद्धकोष्ठाकडे हट्टाच्या नजरेने पाहिले जाते. ‘संडासला बसतच नाही’, ‘भाजी खात नाही’, ‘मोबाइल सोडत नाही’. एनएफ-१ असलेल्या जवळपास निम्म्या मुलांना शिकण्यात किंवा लक्ष एकाग्र करण्यात काहीतरी अडचण असते, आणि असे मूल पोटातली सूचना ओळखून वेळेवर उठेलच, असे नाही. त्याला ओरडून काही साधत नाही. जेवणानंतर ठरावीक वेळी, पाय टेकतील अशा बेताने, घाई न करता बसवणे, भरपूर पाणी, आणि डॉक्टरांनी सांगितले तर शौच मऊ करणारे औषध महिनोन्महिने नेमाने देणे, हा उपचार साधा आहे आणि बऱ्याच मुलांना त्याने आराम पडतो. औषधाची सवय लागेल या भीतीने ते मध्येच बंद करणारे पालक पुष्कळ आहेत. मग खडे पुन्हा साठतात, दुखते, मूल आणखी टाळते. मोठ्या माणसांत मज्जातंतूंच्या वेदनेसाठी घेतलेले प्रिगॅबालिन आणि लोहाच्या गोळ्या यांनीही बद्धकोष्ठ वाढते, तेव्हा रेचक वाढवण्याआधी औषधांची यादी डॉक्टरांपुढे ठेवावी.

एप्रिल २०२० मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने सेल्युमेटिनिब या औषधाला मंजुरी दिली. शस्त्रक्रियेने काढता न येणाऱ्या आणि त्रास देणाऱ्या प्लेक्सिफॉर्म गाठींसाठी, दोन वर्षांवरील मुलांकरिता, या आजाराला मिळालेले हे पहिले औषध. रॅसच्या पुढची एमईके ही कडी ते अडवते. बऱ्याच मुलांच्या गाठी त्याने लहान झाल्या. पण त्याच्या दुष्परिणामांत मळमळ, उलटी, जुलाब, पोटदुखी, तोंड येणे हे वरच्या क्रमांकावर आहेत. म्हणजे गाठीचा भार हलका करणारे औषध पोटावर भार टाकते. जुलाब सुरू झाले म्हणून आईवडिलांनी परस्पर औषध बंद करू नये. मात्रा कमी करता येते, जुलाबावर इलाज करता येतो, फक्त ते वेळीच सांगावे लागते.

एनएफ-१ मध्ये रक्तवाहिन्यांच्या भिंतीही जाड होऊ शकतात. आतड्याचा रक्तपुरवठा कमी पडून जेवणानंतर दर वेळी पोट दुखते, असे क्वचित घडते. पोटातली जुनी गाठ अचानक वाढू लागली, दुखणे रात्री झोपेतून उठवू लागले, तर ती कॅन्सरकडे वळली नाही ना, हे तातडीने पाहावे लागते. टाइप २ म्हणून ओळखला जाणारा आजार वेगळा, त्याचे जनुक बाविसाव्या गुणसूत्रावर; त्यात कानाच्या नसांवर गाठी येतात, आणि घशाच्या नसा सापडल्या तर गिळताना ठसका लागतो.

हे सगळे वाचून एनएफ-१ असलेल्या प्रत्येकाने उद्याच पोटाचा स्कॅन काढायला धावावे, असे मुळीच नाही. काही त्रास नसताना आतड्यांचे स्कॅन सरसकट करण्याची शिफारस नाही. बहुसंख्यांना पोटातल्या गाठींचा त्रास कधीच होत नाही, आणि अॅसिडिटी, गॅस, जागरणाने बिघडलेले पोट हे त्यांनाही इतरांसारखेच होते. वर्षाकाठी एकदा डॉक्टरांना भेटावे, रक्तदाब मोजावा, हिमोग्लोबिन पाहावे आणि पोटाचे काही असेल तर लाज न बाळगता सांगावे. शौचाचा रंग सांगायला माणसे संकोचतात. संकोच करू नका.

अंगावर सहा किंवा अधिक कॉफीरंगी डाग, काखेत वा जांघेत बारीक ठिपके, त्वचेखाली मऊ गाठी, असे तुमच्या घरात कोणाला असेल तर एकदा जनुकीय आजारांच्या तज्ज्ञाला किंवा जाणकार फिजिशियनला दाखवा. निम्म्या रुग्णांत हा आजार आईकडून किंवा वडिलांकडून आलेला असतो आणि पुढे प्रत्येक अपत्याला तो मिळण्याची शक्यता पन्नास टक्के असते. आईला नुसते डाग आणि मुलाला मोठा त्रास, किंवा उलट, असेही होते. निदान आधीच झालेले असेल तर फाईलच्या पहिल्या पानावर ‘एनएफ-१’ असे मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा. पोट दुखते म्हणून गल्लीतल्या दवाखान्यात गेलात तरी ते पान आधी दाखवा, आणि उलटीचे इंजेक्शन घेण्यापूर्वी तर नक्कीच.